पत्रा : पंखापासून मोटारीपर्यंत

जुन्या मोटारीला दमदार इंजिन आणि हाताने ठोकून घडवलेले नवे अंग देऊन ‘हॉट रॉड’, म्हणजे मूळ रूप पालटलेली वेगवान गाडी, बांधताना कारागिराला लागणारा ‘पत्रा’ हा शब्द संस्कृत ‘पत्र’वरून आला असून त्याच्या मुळाशी उडणे, पडणे या अर्थाचा ‘पत्’ हा धातू आहे. आधी पंख, मग झाडाचे पान, पानावरचा मजकूर म्हणून चिठ्ठी आणि पानासारखा पातळ म्हणून धातूचा तक्ता, असा हा अर्थविस्तार दिसतो. विशेष म्हणजे अमरकोशात ‘पत्र’ शब्दाचा ‘वाहन’ असाही अर्थ दिलेला आहे. आज अहिल्यानगरजवळच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत ‘पत्रा’ म्हणजे धातूचा तक्ताच, तर गॅरेजात ‘पत्र्याचे काम’ म्हणजे मोटारीचे चेपलेले अंग सरळ करणे होय.