दारणा जलाशय : हंगामी जलप्रवाहांच्या मापनाचा इतिहास

प्रस्तावना :
इगतपुरी-घोटी परिसर हा अतिपर्जन्याचा प्रदेश होय. इगतपुरी येथे वर्षाकाठी सरासरी ३००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळातच. दारणा नदीवर नांदगाव येथे १९१६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाने हे पाणी अडविले. या जलाशयात कशाचे मापन झाले, हा प्रश्न तांत्रिक तितकाच ऐतिहासिकही आहे.

मापनाचा हेतू :
१८९९-१९०० च्या दुष्काळानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने (१९०१-०३) दुष्काळनिवारक कामांवर भर दिला. दारणेचे पाणी नदीपात्रातून नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याकडे व तेथून कालव्यांद्वारे निफाड, कोपरगावकडे जाते. त्यामुळे शासनाच्या दृष्टीने महत्त्व होते ते साठ्याला. पाणीपातळीवरून साठा काढावयाचा. साठ्यातील वाढीत विसर्ग व बाष्पीभवन मिळवून आवक ठरवावयाची, ही सिंचन-व्यवस्थापनाची रूढ पद्धती होय.

प्रवाहांचे स्वरूप :
जलाशयातील पाणी मात्र स्थिर नसते. पावसाळ्यात गढूळ, जड पूरपाणी तळालगत सरकून गाळ आत नेऊ शकते. पुढे वारा आणि दरवाज्यांतून होणारा विसर्ग प्रवाहांना दिशा देतात. नदीत प्रवाहमापकाने पाण्याच्या खोलीच्या ०.२ व ०.८ अंशांवर वेग मोजून सरासरी घेता येते. जलाशयातील मंद, दिशा बदलणाऱ्या प्रवाहांना हा नियम पुरत नाही. युरोपात फोरेल यांनी जिनिव्हा सरोवराच्या अभ्यासातून (१८९२-१९०४) सरोवरविज्ञानाचा पाया घातला. तेथे सरोवर हाच अभ्यासविषय होता. सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयाकडे प्रामुख्याने पाण्याचे कोठार म्हणून पाहिले गेले.

वर्तमान संदर्भ :
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने समन्यायी वाटपासाठी १५ ऑक्टोबरचा साठा निर्णायक ठरविला. जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास ऊर्ध्व भागातील धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो. अशा वेळी नाशिक, अहिल्यानगर व मराठवाडा यांचे हितसंबंध एका आकड्याशी बांधले जातात.

निष्कर्ष :
गाळाने जलाशयाची धारणक्षमता घटते. जुन्या क्षमता-तक्त्यावरून काढलेला साठा प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकतो. म्हणून पाणी किती आहे याबरोबरच ते ऋतुमानानुसार कसे वाहते व गाळ कोठे टाकते, याचे नियमित मापन हा न्याय्य वाटपाचाच भाग ठरतो.