नागपूर करार होत होता, तेव्हा एक मराठी जनरल कोरियात होता

२८ सप्टेंबर आला की नागपूर करारावर पोस्टी पडतात. विदर्भाला काय कबूल केलं, काय दिलं, यावर भांडण होतं. मीही दरवर्षी त्यात असतोच. यंदा मात्र त्याच १९५३ च्या सप्टेंबरअखेरची दुसरी गोष्ट सांगतो.

२७ जुलै १९५३ ला कोरियात युद्धविराम झाला. बोलणी वर्षभराहून जास्त अडली होती ती युद्धकैद्यांवरून. बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी म्हणत होते, आम्हाला घरी जायचं नाही. कम्युनिस्ट म्हणत, त्यांना धमकावलंय. अमेरिका म्हणे, ही त्यांची मर्जी. मग हे कैदी सांभाळायचे कोणी? दोघांनाही चालेल असा देश निघाला भारत. पाच तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष पहाऱ्यावरच्या भारतीय फौजेचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात.

ही काही संयुक्त राष्ट्रांची निळ्या टोपीवाली फौज नव्हती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी तर आपल्या जमिनीवर भारतीय सैनिकाचं पाऊलही पडू देणार नाही, असं बजावलं होतं. म्हणून आपल्या जवानांना बंदरातल्या जहाजांवरून हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव काय होतं? हिंद नगर!

सप्टेंबरच्या अखेरीला चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला कुंपणाआड ओढून नेलं. बंदुका बाहेर तयार होत्या. गोळीबार झाला असता तर ग्रेवाल गेले असते आणि कैद्यांचा खच पडला असता. थोरात निःशस्त्र आत गेले, खवळलेल्या जमावाशी बोलले आणि ग्रेवालांना घेऊन बाहेर आले. याबद्दल त्यांना अशोक चक्र वर्ग २ मिळालं, म्हणजे आजचं कीर्ती चक्र.

सगळंच असं गोड झालं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहारेकऱ्यांना गोळी चालवावी लागली, कैदी मेले. दोन्ही बाजूंनी भारताला शिव्या घातल्या. जानेवारी १९५४ मध्ये बहुतेक कैदी ज्या बाजूकडून आले होते तिकडेच परत दिले गेले. दोन्ही कोरिया आणि चीन नको म्हणणारे ८८ जण भारतात आले. त्यातले बरेच पुढे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले.

शांतता करार कोरियात आजही झालेला नाही. तो युद्धविरामच चालू आहे. मग आपल्या लोकांनी काय मिळवलं? माझ्या मते एवढंच, की कैद्यांचा प्रश्न पुन्हा लढाईचं निमित्त झाला नाही. हे काम दिसत नाही, म्हणून त्याचे पुतळेही होत नाहीत. आज कोणी "मध्यस्थी म्हणजे कमजोरी" म्हणतं, तेव्हा मला कुंपणाच्या आत बिनहत्यारी जाणारा तो माणूस आठवतो. करून पाहा म्हणावं बाप्पा!

कामठी छावणी आपल्या उशाशी आहे. लष्करातली कितीतरी घरं इथंच स्थायिक झालीत. कोणाचे आजोबा १९५३ ला कोरियात होते का? घरी फोटो, पत्र, पदक असेल तर खाली नक्की लिहा. करारावर भांडायला आहोतच आपण.