मुतखडा एकदा पडला, पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

खडा पडला, कळ थांबली की आपण सुटलो असे वाटते. पण मुतखडा, म्हणजे आपल्या घरांत म्हणतात ती पथरी, एकदा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना पाच-दहा वर्षांत पुन्हा होते. येरवड्यात दिवसभर उन्हात रिक्षा चालवणारे, बांधकामावर राबणारे आणि लघवीला जागा नाही म्हणून पाणीच टाळणाऱ्या आपल्या बहिणी यांनी हे नीट वाचावे.

खडा फेकू नका
लघवी जुन्या गाळणीतून गाळा आणि पडलेला खडा डॉक्टरांना द्या. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, काही युरिक अ‍ॅसिडचे, तर काही जंतुसंसर्गामुळे होतात. औषध खड्याच्या प्रकारावर ठरते. वारंवार त्रास असेल तर २४ तासांच्या लघवीची तपासणीही सांगतात.

पाणी
दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी साधारण तीन लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडले समजा. इटलीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्के लोकांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्के. मात्र हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

जेवण
मीठ कमी करा. पापड, लोणचे, फरसाण, सुके बोंबील यांतूनही मीठ पोटात जाते. रोज मटण नको. दूध-दही मात्र बंद करू नका. जेवणातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवते. पालक, बीट, काजू-बदाम बेताने खा. लिंबूपाणी चांगले, पण साखर-मीठ कमी टाका. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो, हा गैरसमज आहे.

औषधे
पोटॅशियम सायट्रेट लघवीतला आम्लपणा कमी करते. युरिक अ‍ॅसिडच्या खड्यात ते विशेष उपयोगी. काहींना अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा थायझाइड गोळ्या देतात. किडनी कमजोर असलेल्यांना पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका.

रमजानमध्ये
सगळे पाणी सहरीला एकदम पिऊ नका. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे पीत राहा. गोड सरबत म्हणजे पाणी नव्हे. वारंवार खडे होत असतील तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे, हे विसरू नका.

कळीबरोबर थंडी-ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पालिकेचे राजीव गांधी रुग्णालय येरवड्यातच आहे, ससूनही लांब नाही. लगेच निघा.