शिष्यवृत्तीतून सामायिक साधनांकडे : 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप'चा ऐतिहासिक विचार

चलचित्र हे माध्यम खर्चिक असल्यामुळे स्वातंत्र्योत्तर भारतातील तरुण चित्रकारांना ते दीर्घकाळ दुर्लभ राहिले. १९६० मध्ये केंद्र शासनाने स्थापन केलेले फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन चित्रपटांस कर्ज देत असे. मणि कौल यांचा 'उसकी रोटी' अशाच अर्थसाहाय्यातून साकारला. तथापि कर्जामागे परतफेडीचे बंधन होते आणि चित्रपटगृहापर्यंत न पोहोचणाऱ्या प्रयोगाला परतफेडीचा मार्ग उपलब्ध नव्हता.

या पार्श्वभूमीवर चित्रकार अकबर पदमसी यांचे कार्य लक्षणीय ठरते. १९६९ मध्ये जवाहरलाल नेहरू फेलोशिपची रक्कम केवळ स्वतःच्या चित्रनिर्मितीसाठी न वापरता त्यांनी मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' उभारले. तेथे चित्रकार, छायाचित्रकार व चित्रपटकार यांना साधने सामायिकपणे वापरता आली. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या तरुण नलिनी मलानी यांनी 'ड्रीम हाउसेस' (१९६९) येथेच निर्माण केला. पदमसींचा 'सिझिजी' (१९७०) हाही याच उपक्रमाचे फलित होय.

मात्र हा उपक्रम १९७२ पर्यंतच चालला. पदमसींच्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' या चित्रपटाची एकमेव प्रत पुढे गहाळ झाली. एका व्यक्तीस मिळालेला निधी अनेकांना संधी देऊ शकतो. परंतु त्यामागे स्थायी संस्था नसेल, तर निर्मितीचे सातत्य आणि कलाकृतींचे जतन या दोन्ही गोष्टी धोक्यात येतात, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.