परतीची ताटातूट
दुसऱ्या महायुद्धात फिनलंडने आपली सुमारे ७०,००० मुले परदेशी, मुख्यतः स्वीडनला, धाडली. १९३९च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजा चालून आल्या होत्या, शहरांवर बॉम्ब पडत होते आणि अन्नाची चणचण होती. गळ्यात नाव-पत्त्याची चिठ्ठी अडकवलेली मुले जहाजाने, आगगाडीने निघाली. आईबापांनी मुले टाकली असे म्हणणे अन्यायाचे. त्यांनी ती वाचवली. पण या वाचवण्याचा हिशेब मांडताना सगळ्यांची नजर निरोपावरच खिळते, परतीकडे काणाडोळा होतो, असे माझे म्हणणे आहे. चार वर्षांचे मूल दोन-तीन वर्षांत फडाफडा स्वीडिश बोलू लागे, फिनिश विसरे, सांभाळणारीलाच आई म्हणे. लढाई थांबली की त्याला तिथून उचलून सख्ख्या आईपुढे उभे करायचे, आणि दोघांना एकमेकांचे बोलणे कळत नाही. (स्वीडिशभाषक फिनिश घरांतल्या मुलांचा हा एक त्रास तरी वाचला.) एकाच बालपणात आई दोनदा सुटली, दुसऱ्या खेपेला तर रडायचीही सोय नव्हती, कारण मूल ‘घरी’ आले होते.

हेलसिंकीत १९३४ ते १९४४ दरम्यान जन्मलेल्यांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा आईबापांविना पाठवलेल्यांत साठीच्या वयातही नैराश्याची लक्षणे अधिक दिसली. यावर बोचरा आक्षेप असा, की ज्या घरांनी मुले धाडली ती आधीच अडचणीतली असतील. म्हणून तोर्स्तेन सांताविर्ता आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली पाठवलेल्यांची तुलना घरी राहिलेल्या सख्ख्या भावंडांशी केली. मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण एकंदरीत वाढलेले नव्हते. पुरुषांत तर ते कमीच दिसले. पण नैराश्यासारख्या भावविकारांसाठी दाखल होण्याचा धोका पाठवलेल्या मुलींत घरच्या बहिणींच्या सुमारे दुप्पट होता. ताटातूट सोसता येते, हा यातून कोणी काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. घरी राहिलेल्यांनीही बॉम्ब आणि उपासमार भोगली होती, आणि रुग्णालयाच्या नोंदीत फक्त टोकाचे दुखणे येते; घरात मुकाट सोसलेले येत नाही. शिवाय हा नमुना १९५०च्या फिनिश जनगणनेतला, म्हणजे त्यातली पाठवलेली मुले परतलेलीच; मोजले गेले ते जाणे आणि येणे मिळून. मुलगेही परतलेच होते, मग त्यांच्यात हे का दिसू नये, याचे उत्तर मात्र माझ्या युक्तिवादात नाही. २०१८ साली याच चमूला पुढच्या पिढीतही तोच भेद आढळला: पाठवलेल्या आयांच्या लेकींत भावविकारांचा धोका मावसबहिणींपेक्षा जास्त, मुलग्यांत नाही.