कार्ल्याच्या छतातील फासळ्या

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरल्यावर नजर जाते ती खांबांवरच्या हत्तींकडे. मला मात्र त्यांच्या वरचे लाकूड अधिक ओढते. कमानदार पाषाणी छताला आतून बसवलेल्या सागवानी फासळ्या सुमारे 2000 वर्षे जागेवर आहेत. शेजारच्या भाजे लेण्यातही जुन्या फासळ्या उरल्या असून तेथे लाकडावरच ब्राह्मीतील दोन छोटे लेख सापडले.

“सागच तो, त्याला काय होतंय!” हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. भाज्याच्या दर्शनी भागातही लाकूडकाम होते. त्याच्या खाचा खडकात दिसतात, लाकूड पार गेले. मग आतलेच का टिकले?

येथे लाकडाच्या घडणीकडे वळावे लागते. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या हजारो कणांची लांबच लांब साखळी. असे महारेणू असतात, हे हेरमान श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये मांडले. नोबेल मिळाले 1953 मध्ये. सेल्युलोजचे धागे ताण पेलतात, लिग्निन त्यांना सांधून ठेवते. हे लिग्निन कोरडे व थंड असताना कडक, पण ओलाव्यासह तापले की नरम होते आणि निवताना नव्या आकारात घट्ट होते. काठी शेकून सरळ करणाऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. साध्या हवेतही भार कायम राहिला तर साखळ्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. लाकूड भिजत-वाळत राहिले तर अधिकच. जुन्या वाड्यातल्या तुळईला झोल येतो तो यामुळे.

लेण्यातल्या फासळ्यांवर भारच नाही. छत खडकाचे, ते स्वतःला पेलते. फासळ्या आल्या त्या आधीच्या लाकडी इमारतींच्या सवयीतून. भाज्याचे खांब आत कललेले आहेत, तेही त्याच सवयीने: लाकडी छताचा बाहेरचा रेटा रोखायला असा कल लागे, दगडात त्याची गरज नव्हती. अभ्यासक याला अनुकरण म्हणतात, काही जण थोडे हिणवूनच. माझ्या मते या बिनकामाच्या असण्यानेच फासळ्या वाचल्या. शिवाय भोवतीच्या जाड खडकामुळे आतले तापमान फारसे हलत नाही आणि मावळचा पाऊस थेट अंगावर येत नाही. दर्शनी लाकडाच्या वाट्याला मात्र ऊन आणि पाऊस दोन्ही आले.

भाज्याला गेलात तर आधी त्या रिकाम्या खाचा पाहा, मग आत जाऊन मान वर करा.