खिळ्यापासून फॉन्टपर्यंत: छापील मराठी अक्षराची गोष्ट



आजचा विषय ऐकून काही जणींना वाटेल, याचा आपल्याशी काय संबंध? विषय आहे छापील अक्षर. बँकेच्या पासबुकात, रेशन कार्डावर, औषधाच्या पाकिटावर, एसटीच्या पाटीवर आणि आपल्या गटाच्या पापडाच्या लेबलवर जे अक्षर दिसतं, ते कुणीतरी बसून घडवलेलं असतं. घागर कुंभार घडवतो, विळा लोहार घडवतो, तसंच अक्षरही कारागिरानं घडवलेलं असतं. मराठी अक्षराला छापखान्यात जागा मिळायला फार वर्षं लागली. ती गोष्ट आज सांगते.

आधी जुन्या छापखान्यात अक्षर कसं तयार व्हायचं ते पाहू. पोलादाच्या छोट्या दांडीच्या टोकावर कारागीर एक अक्षर उलटं कोरायचा. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तिथं अक्षराचा खळगा पडायचा. हा झाला साचा. पुस्तकी मराठीत त्याला मातृका म्हणतात, कारण त्याच्यातूनच पुढची सगळी अक्षरं जन्माला येतात. साच्यात शिसं, कथील आणि अँटिमनी या धातूंचा रस ओतला की एक अक्षर तयार. त्याला म्हणायचे खिळा. खिळे खणाखणांच्या पेटीत ठेवलेले असत. जुळारी त्यातून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. पान छापून झालं की खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे.

इंग्रजीला हे सोपं होतं. अक्षरं सव्वीस, लहान-मोठी धरून बावन्न. आपलं तसं नाही. एकट्या ‘क’ची बाराखडी म्हणा, मग जोडाक्षरं आठवा: क्ष, ज्ञ, त्र, स्त्री, द्ध, ष्ट. खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. शिवाय आपलं अक्षर म्हणजे तीन मजली घर. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, माळ्यावर मात्रा, अनुस्वार, रफार, आणि तळघरात उकार. हे तिन्ही मजले शिशात बसवायचे आणि वरची शिरोरेषाही सलग दिसली पाहिजे. काम किती अवघड होतं, ते यावरून कळेल.

म्हणूनच सुरुवातीला मराठी भाषा छापली गेली, पण मराठी अक्षर नाही. गोव्यात १५५६ साली छापखाना आला. फादर स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं आणि ते १६१६ साली छापलं गेलं, पण रोमी म्हणजे इंग्रजीसारख्या लिपीत, कारण नागरी खिळेच नव्हते. पुढे १६७४च्या सुमारास भीमजी पारेख या गुजराती व्यापाऱ्यानं विलायतेहून मुंबईत छापणारा माणूस आणवला. त्याला छापता येत होतं, पण नवे खिळे पाडता येत नव्हते. तो प्रयत्न तिथंच अडला. मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली, तीही खिळ्यांनी नाही, तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून.

वाट निघाली ती बंगालमध्ये. तिथं पंचानन कर्मकार नावाचा धातूकाम करणारा कारागीर होता. चार्ल्स विल्किन्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर काम करून तो खिळे पाडायला शिकला आणि पुढे श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेला. हे श्रीरामपूर अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळचं. तिथं विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण नागरी खिळ्यांत छापलं आणि १८१० साली मराठी शब्दकोश मोडी खिळ्यांत छापला. मराठी अक्षराचा छापील पाळणा असा परमुलखात हलला.

मग मुंबई. इथं अमेरिकन मिशनचा छापखाना निघाला आणि आपली माणसं त्यात काम करता करता कला शिकली. त्यातले एक गणपत कृष्णाजी. त्यांनी १८३१ साली मराठी पंचांग शिळाछापावर छापलं. त्या काळी पुष्कळ लोक छापलेलं पुस्तक हातात धरायला तयार नव्हते, कारण शाईत चरबी असते असा त्यांचा आक्षेप. गणपत कृष्णाजींनी काय केलं? चरबीऐवजी तूप वापरून शाई केली. गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकायचं आणि माल तसा करायचा, हे आपण गटात शिकतो. ते हे होतं!

दुसरे जावजी दादाजी. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले. हाताखाली कितीतरी खिळे गेले असतील, त्यातूनच नजर तयार झाली. पुढे १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षर कोरायला त्यांच्या सोबतीला होते राणोजी रावजी आरू. निर्णयसागरचं अक्षर इतकं नेटकं की पुढं कितीतरी वर्षं सुबक नागरी म्हटलं की लोक त्याच वळणाकडे बोट दाखवायचे.

मैत्रिणींनो, या खिळ्यांमुळे बायकांच्या हाती काय आलं? सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह १८५४ साली छापून निघाला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं, ते १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. बुलढाण्यात बसून बाईनं विचारलेला प्रश्न आज आपण वाचू शकतो, कारण तो कुणीतरी खिळ्या-खिळ्यानं जुळवला. पुढे तानूबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवलं. घरात बोललेलं घरात राहतं, छापलेलं पिढ्या ओलांडतं.

एक गोष्ट मात्र हातची गेली. आपले पूर्वज रोजचा व्यवहार मोडीत लिहीत. मोडी म्हणजे हात न उचलता झरझर लिहायची लिपी. छापखान्यात मात्र सुटी, स्पष्ट अक्षरं असलेली बाळबोध रुळली. शाळेची पुस्तकं तिच्यात, वर्तमानपत्रं तिच्यात. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतूनही गेली. आज कितीतरी घरांतल्या ट्रंकेत जमिनीचे जुने कागद मोडीत आहेत आणि घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत. आजोबांच्या नावावर काय होतं, आत्याचा हिस्सा कुठं नोंदला होता, हे कळायला मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो. असे कागद रद्दीत घालू नका, आधी जाणकाराला दाखवा.

खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून खुद्द लोकमान्य टिळकांनी खटपट केली. सावरकरांनी ‘इ, ई, उ’ऐवजी ‘अि, अी, अु’ लिहायची सूचना केली, ती काही नियतकालिकांनी पाळलीही. मग संगणक आला आणि शिशाचे खिळे गेले. पण नवी अडचण आली. एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की नुसती गिचमीड दिसायची. युनिकोड आल्यावर ती अडचण सुटली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे ‘क’ हा सगळ्या यंत्रांवर ‘क’च राहतो. संगणकावर बरीच वर्षं दिसलेला ‘मंगल’ फॉन्ट प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट तर कुणालाही फुकट वापरता येतो.

आता आपल्या लेबलकडे येऊ. आमच्या भागातल्या एका गटानं शेवयांची पाकिटं छापून आणली. अक्षर वेलबुट्टीचं, दिसायला झोकदार. पण बाजारात बायका पाकीट उलटसुलट करून विचारायच्या, ‘यात काय आहे गं?’ छापणाऱ्यानं अक्षर सजवलं, पण वाचणारीचा विचार केला नाही. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, अक्षराचं पोट मोकळं हवं. ‘ब’, ‘व’, ‘भ’ यांच्या आतली जागा शाईनं भरली की सगळी सारखी दिसतात. फार जाड अक्षर बारीक आकारात वापरू नका.

दुसरी, दोन ओळींत अंतर ठेवा. आपलं घर तीन मजली आहे. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला अडकता कामा नये.

तिसरी, एका लेबलवर एक किंवा फार तर दोन फॉन्ट. नाव ठळक, बाकी साधं. वजन, किंमत आणि तारीख चष्मा न लावता वाचता आली पाहिजे. वजनाचे आकडे किती मोठे हवेत याचे सरकारी नियम आहेत, तेही विचारून घ्या.

चौथी, अक्षर मराठी वळणाचं आहे का ते पाहा. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही आपली वळणं. शासनानं २००९ साली तसा निर्णयही काढला आहे. आणि अर्धा ‘र’ तपासा. ‘आचाऱ्याला बोलाव’ म्हटलं तर स्वयंपाकी येईल, ‘आचार्याला बोलाव’ म्हटलं तर गुरुजी येतील. ‘दऱ्या’ डोंगरात असतात, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. काही फॉन्टांत हा फरक नीट उमटत नाही.

छापायला देण्याआधी एक नमुना कागदावर काढून घ्या. गटातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या ताईला आणि सगळ्यात वयस्कर आजीला तो हातभर अंतरावरून वाचायला द्या. दोघींनी न अडखळता वाचला तरच पुढची हजार पाकिटं छापा. येत्या बैठकीत प्रत्येकीनं घरातलं एक पाकीट आणावं. कुठलं अक्षर वाचता येतं, कुठलं येत नाही आणि का, हे मिळून पाहू.